तुमच्या गोष्टीत तुमचा वाटा कुठाय?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी परत वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडते. मोठ्या भावाच्या दारूत घराची जी 10-11 वर्षं गेली त्यावर तुम्हाला 40 मिनिटांचं एकपात्री करायचंय. संहिता लिहून झालीये, चार मित्रांपुढे वाचन केलंत आणि चौघंही म्हणाले की खरं वाटतं, वाईटही वाटतं, पण लागत नाही. वर तुमचे तीन प्रश्न, की खरं किती सांगायचं, थोडंफार बदललं तर ते खोटं होतं का, आणि भाऊ आता 7 वर्षं दारूला शिवलेला नाही, आई घरातच आहे, अशात हे सगळं चारचौघांत काढायचा आपल्याला हक्क आहे का.

मी स्वतःच्याच आयुष्यातल्या गोष्टी स्टेजवर सांगते, त्याला 22 वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी उभ्या करायला मदत करण्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी 'लागत नाही'चं बघू, कारण माझ्या मते बाकीचे प्रश्न त्यातच अडकलेत. तुम्ही संहितेचा जो भाग पाठवलाय त्यात भाऊ कसा जिन्यात पडायचा, घरातल्या वस्तू एकेक करून कशा गेल्या, बाबांनी लोकांत जाणंच कसं टाकलं, हे सगळं नीट आहे, भाषा छान आहे, एकदोन ठिकाणी तर वाक्य असं बसलंय की मला हेवा वाटला. पण त्या सगळ्यात तुम्ही कुठे आहात? तुम्ही कोपऱ्यात कॅमेरा लावून उभे आहात. आणि मग प्रश्नाच्या शेवटी, संहितेत नाही बरं का, प्रश्नात, कंसात, तुम्ही सहज लिहून गेलात, '(तो आला की मी झोपेचं सोंग घ्यायचो, दार आईच उघडायची)'. अहो, तुमचं एकपात्री ते आहे! बाकीची 40 मिनिटं त्या कंसाच्या बाहेर फिरतायत. तुम्ही जागे होतात, जिन्यावरचा आवाज तुम्हाला आईच्या आधी ऐकू येत असणार कारण त्या वयात कान तिखट असतात, आणि तरीही तुम्ही तोंड भिंतीकडे करून पडून राहायचात. आता हे वाचताना पोटात कुठेतरी ओढल्यासारखं झालं असेल तर बरोबर जागी हात लागलाय असं समजा.

हे इतक्या ठामपणे सांगतेय कारण ह्याच खड्ड्यात मी स्वतः 4 वर्षं पडून होते.

माझा एक प्रयोग होता, बाबांवर. गाभा असा की मुलगी आयुष्यभर स्टेजवर उभी राहिली आणि वडील तिच्या एकाही प्रयोगाला आले नाहीत. शेवटी स्टेजवर एक रिकामी खुर्ची, तिच्यावर स्पॉट, मी त्या खुर्चीला नमस्कार करायचे आणि ब्लॅकआउट. लोक ढसाढसा रडायचे, नंतर विंगेत येऊन माझा हात धरून स्वतःच्या वडिलांबद्दल सांगायचे, आणि मला वाटायचं ह्याहून खरं काय असणार, कारण खरंच त्यात एकही गोष्ट रचलेली नव्हती. बाबा आलेच नव्हते. एका प्रयोगानंतर धाकटा भाऊ आत आला, मी मेकअप काढत होते, तो आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, पण तू बाबांना तारीख कधी सांगायचीस?"

मी म्हटलं म्हणजे काय, घरात सगळ्यांना माहीतच असायचं की. तर म्हणे, बाबांचं कॅलेंडर आठव. आमच्याकडे भिंतीवर एक कॅलेंडर असायचं आणि बाबा त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात सगळं लिहायचे, बिल भरायची तारीख, दातांचा डॉक्टर, भावाची परीक्षा, घड्याळाचा सेल कधी बदलला तेसुद्धा. माझा प्रयोग त्या कॅलेंडरवर कधीच नव्हता, कारण मी सांगायचेच नाही. सुरुवातीला ते चिडतील म्हणून, मग न सांगायची सवयच पडली म्हणून, आणि नंतर नंतर, हे टाइप करताना अजूनही बोट अडतं, नंतर ती रिकामी खुर्ची मला हवी होती म्हणून.

तो प्रयोग मी बंद केला. आठेक महिन्यांनी नवा उभा केला, त्यात खुर्ची नाही, कॅलेंडर आहे. ह्याला टाळ्या कमी पडतात, खरं सांगते, पण संपल्यावर लोक लगेच उठत नाहीत. बाबांना ह्यावेळी तारीख सांगितली. आले, तिसऱ्या रांगेत बसले, आणि घरी येताना एवढंच म्हणाले की मागच्या स्पीकरचा आवाज जरा फाटत होता.

तेव्हापासून मी कार्यशाळेत ह्या गोष्टीला 'वाटा' म्हणते. जे घडलं त्यातला तुमचा वाटा काय? आणि वाटा म्हणजे दोष नव्हे हं, हा घोळ फार जण करतात. तुम्ही 12-13 वर्षांचं पोर होतात, तुमच्यावर कसला दोष येणार. वाटा म्हणजे तुम्ही तिथे काय करत होतात, काय करायचं टाळलंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना आईकडे बघायचात का नाही. नुसती झालेली वाताहत सांगितली की ती तक्रार होते, आणि तक्रार कितीही खरी असली तरी ती ऐकताना समोरचा माणूस पंच होऊन बसतो, कोण चूक कोण बरोबर ते तोलायला लागतो, म्हणजे लांब जातो. तेच तुम्ही स्वतःचा वाटा उघडा केलात की त्याला तोलायला काही उरत नाही, त्याला त्याची स्वतःची भिंत आठवते जिच्याकडे तोंड करून तो झोपला होता.

पण ह्याचंही सोंग करता येतं, सावध राहा. आजकाल कबुलीजबाबाची एक फॅशन आहे, माइक हातात घेतला की मी किती वाईट, मी किती स्वार्थी, असं स्वतःला बडवून घ्यायचं आणि प्रेक्षकांनी 'नाही नाही तू चांगलाच आहेस' म्हणावं म्हणून थांबायचं. प्रेक्षक एवढा खुळा नसतो. त्याला पंधराव्या सेकंदाला कळतं की हा माणूस आपल्याकडून काहीतरी मागतोय. वाटा सांगायचा तो सपाट आवाजात, वस्तू दाखवल्यासारखा, हे असं होतं बुवा.

आता दुसरं, तपशील. 'मी कोसळलो', 'पायाखालची जमीन सरकली', 'डोळ्यांपुढे अंधारी आली' ही वाक्यं संहितेतून आजच काढा, तुमच्यात मी सहा मोजली. ती खोटी नाहीत, पण ती सगळ्यांची आहेत, कुणाच्याही दुःखाला होतात, फ्री साइझ. कार्यशाळेत एक बाई होत्या, आई गेल्याचं सांगत होत्या, आणि दर वाक्यात कोसळत होत्या. मी त्यांना मध्येच विचारलं, बातमी कळली तेव्हा हातात काय होतं? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, चार्जर. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एकच प्लग चालू होता आणि त्यावर दुसऱ्या कुणाचातरी फोन लावलेला होता, फुल चार्ज झालेला, आणि ह्या त्या माणसाशी वाद घालत होत्या, अक्षरशः हमरीतुमरीवर, आणि मागून नर्सने खांद्याला हात लावला. त्या म्हणाल्या की त्यानंतर तो माणूस लगेच स्वतःचा फोन काढून बाजूला झाला आणि प्लग मोकळा झाला, आणि मी चार्जर लावला. लावला! आई गेल्याचं कळल्यावर त्यांनी आधी फोन चार्जिंगला लावला, कारण जागा मोकळी झाली होती. खोलीत बसलेल्या अकरा जणांपैकी कुणीही त्यानंतर बराच वेळ बोललं नाही. ही गोष्ट कुणालाही रचता आली नसती, आणि ह्यात कोसळणं हा शब्द कुठेच नाही.

म्हणून मी सगळ्यांना हेच विचारते, हातात काय होतं, पायात काय होतं, कुठला आवाज चालू होता, बसायला जागा होती का उभे होतात. तुमच्या बाबतीत, पांघरूण डोक्यावरून होतं की खांद्यापर्यंत? सोंग घेताना श्वास मुद्दाम हळू घ्यायचात का? दार उघडायला आई चपला घालून जायची का अनवाणी, आणि दाराची कडी आवाज न करता काढायची युक्ती तिला कधीपासून जमायला लागली? मला खात्री आहे ह्यातल्या निदान दोन गोष्टी तुम्हाला आत्ता झटकन आठवल्या आणि त्या संहितेत नाहीत.

घटनेचाच हट्टही सोडा जरा. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो, तिचा 1925 मध्ये बसचा भयंकर अपघात झाला, ती 18 वर्षांची होती, पाठीचा कणा मोडला, पुढे आयुष्यभर ऑपरेशनं. त्या अपघाताचं तिचं 1926 चं एक पेन्सिलीचं रेखाटन आहे, पण तिची जी चित्रं जग बघतं त्यात ती टक्कर नाही. त्यात आरशासमोर बसलेली ती आहे, पट्ट्यांनी आवळलेलं शरीर आहे, म्हणजे अपघातानंतर जे उरलं ते. तुमच्या संहितेत भावाच्या पडण्याचे चार प्रसंग आहेत, मला वाटतं एक पुरे, उरलेली जागा सकाळला द्या. दारू रात्रीची असते पण घर सकाळीच कळतं.

आता खरं किती आणि बदल किती.

पहिलं म्हणजे तुमची आठवण जितकी पक्की वाटते तितकी नसते, हे मान्य करून सुरुवात करा. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर फुटलं, तेव्हा उलरिक नायसर आणि निकोल हार्श ह्या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कुणाकडून कळली. मग अडीचेक वर्षांनी त्यातल्या 44 जणांना गाठून तेच परत विचारलं. 44 पैकी 11 जणांचं सगळंच्या सगळं चुकलं, जागा, माणूस, वेळ, काहीच जुळेना, आणि गंमत म्हणजे त्यांचा आत्मविश्वास दांडगा होता. पुढची गंमत अशी की त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला तरी मूळ आठवण काही परत आली नाही. हे अडीच वर्षांत, तुमची तर पंधरा-सतरा वर्षं झाली असतील.

ह्याचा अर्थ तोंड बंद करा असा नाही. आठवण कुठे वळते त्यातही माहिती असते. मी दोन वह्या करायला सांगते, एकीत मला आठवतं तसं, सलग, कुणालाही न विचारता, आणि मग दुसरीत घरच्यांना विचारून, फोटो बघून, जुनी पत्रं काढून जे सापडेल ते. दोन्हींत फरक पडला की तिथे थांबा. माझ्या आठवणीत मी पहिल्या बक्षिसाच्या वेळी पिवळ्या फ्रॉकमध्ये होते, फोटोत फ्रॉक निळा निघाला, पिवळा मैत्रिणीचा होता जिला बक्षीस मिळालं नाही. हा फरक मी स्टेजवर तसाच सांगते, आणि त्यावर नेहमी हशा येतो आणि मग हशा विरतो.

बदलाचं म्हणाल तर मी कट्टर नाही. दोन प्रसंग एका रात्रीत आणले, चार शेजाऱ्यांचा एक शेजारी केला, संवाद आठवत नाहीत म्हणून अर्थ धरून लिहिले, हे सगळे करतात, मीही करते, 40 मिनिटांत 10 वर्षं बसवायची म्हणजे घडी घालावीच लागते. माझी कसोटी एकच, बदल तुमच्या बाजूने झुकतोय का ते बघा. बदलामुळे तुम्ही जास्त धीट, जास्त दुःखी, जास्त निर्दोष दिसायला लागलात की तिथे गडबड आहे. अमेरिकेत 2003 मध्ये एक व्यसनमुक्तीचं आत्मकथन आलं, तुफान खपलं, आणि 2006 मध्ये उघड झालं की लेखक तुरुंगात राहिला होता फक्त काही तास, पुस्तकात त्याचे जवळजवळ तीन महिने झाले होते. प्रकाशकाला वाचकांना पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली. बघा, बदल कुठल्या दिशेने झाला होता, स्वतःला जास्त सोसलेला दाखवायच्या. लोक चिडले ते तासांचे महिने झाले म्हणून तर होतेच, पण त्यांनी त्या माणसावर जीव लावला होता आणि तो जीव त्याने उसना घेतल्यासारखा झाला.

उलट टोकाचं उदाहरण 'माउस' हे आर्ट स्पीगलमनचं चित्रमय पुस्तक. वडील नाझी छळछावणीतून वाचलेले, त्यांची हकीकत, आणि त्यात ज्यू लोक उंदीर आणि नाझी मांजरं म्हणून काढलेत. आता ह्याहून 'खोटं' काय असणार? पण 1991 मध्ये त्याचा दुसरा भाग न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत कादंबऱ्यांमध्ये टाकला तेव्हा लेखकाने पत्र लिहून हे माझ्या वडिलांचं खरं आयुष्य आहे म्हणून आक्षेप घेतला, आणि टाइम्सने तो हलवून सत्यकथनात टाकला. चेहरा उंदराचा असला तरी हकीकतीशी इमान आहे, शिवाय लेखकाने स्वतःलाही सोडलेलं नाही, वडिलांवर चिडणारा, टेपरेकॉर्डर पुढे सरकवणारा, कंटाळणारा मुलगा त्यात पानोपानी आहे. म्हणून रूप काय घ्यायचं ते बिनधास्त घ्या, तुम्हाला भावाच्या जागी स्टेजवर नुसता एक बूट ठेवावासा वाटला तरी ठेवा. फक्त जाहिरातीत 'सत्यकथा' लिहिणार असाल तर त्या शब्दाचं कर्ज फेडायची तयारी ठेवा, नाहीतर सरळ 'आयुष्यावर बेतलेलं' म्हणा, कुणी कमी लेखत नाही.

'लाज वाटते' असंही तुम्ही मध्येच लिहिलंय, त्यावर मला थोडं बोलायचंय, कारण ह्याला हात घालायला लोक घाबरतात. लाजेचं सांगायला कधीकधी स्वतःचे दोन तुकडे करावे लागतात. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) हे सुरुवातीलाच दिसतं, शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आणि गावचा दगडू, एकाच माणसाची दोन नावं, आणि दगडू बोलतोय, दुसरा ऐकतोय. जे 'मी' म्हणून घशात अडकतं ते दगडू सांगून टाकतो. तुम्ही घरी एकदा करून बघा, ती दाराची रात्र 'मी' ऐवजी 'तो पोरगा' म्हणून लिहा, तो पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला होता, त्या पोराला कडीचा आवाज आला. दोन पानं लिहा. मग सगळीकडे परत 'मी' घाला आणि वाचा, ज्या वाक्याशी जीभ अडखळेल त्यावर खूण करा. कधीकधी मी लोकांना सांगते की तो 'तो' काढूच नका, तसाच राहू द्या, गोष्टीला तेच अंतर शोभतं.

आणि गोष्ट अजून ओली असेल तर थांबा. हे कसं ओळखायचं? सांगून झाल्यावर तुम्हाला प्रेक्षकांनी सावरावं लागत असेल तर ती अजून स्टेजची नाही, मित्राची आहे, समुपदेशकाची आहे. लिहून मन मोकळं करण्यावर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर ह्यांचं 1986 चं एक प्रसिद्ध काम आहे, विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस रोज 15 मिनिटं स्वतःच्या आयुष्यातल्या धक्क्याबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून उठल्या उठल्या त्यांना बरं वाटत नव्हतं, उलट जास्त वाईट वाटत होतं. नंतर असे पुष्कळ अभ्यास झाले आणि परिणाम दर वेळी एवढा ठळक काही निघाला नाही. मी हे सांगते ते 'लिहा म्हणजे बरे व्हाल' असल्या पोस्टर छाप वाक्यांना आवर घालायला. ते विद्यार्थी एकटे बसून लिहीत होते, कुणाला दाखवायला नाही. 200 लोकांसमोर उभं राहणं हा वेगळाच मामला आहे, तिथे तुम्ही हलके व्हायला आलेले नसता, तिथे तुम्ही काम करायला आलेले असता. माझा एक नियम आहे, पूर्ण प्रयोग आधी रिकाम्या हॉलमध्ये तीनदा करायचा, तीनही वेळा त्याच जागी रडू आलं तर तारीख पुढे ढकलायची.

रडू अजिबातच येईनासं झालं तरी चिंताच आहे, पण ती तिसाव्या प्रयोगानंतरची, तुम्हाला एवढ्यात नको. तोपर्यंत एकच करा, संहिता शब्दन् शब्द पाठ करू नका. प्रसंगांचा क्रम पाठ करा, पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पाठ करा, मधलं दर वेळी थोडं शोधत बोला. पाठ केलेलं दुःख कानाला लगेच कळतं, स्वर एकाच जागी चढतो आणि एकाच जागी उतरतो, लोकलच्या अनाउन्समेंटसारखा.

आता हक्काचा प्रश्न, जो तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय असं वाटतं.

भावाची दारू ही भावाची गोष्ट आहे. ती का सुरू झाली, कशी सुटली, आतून काय वाटायचं, हे तुम्हाला माहीत नाही आणि ते सांगायचा हक्कही तुमचा नाही. तुमच्या संहितेत तो व्यसनमुक्ती केंद्रात पहिल्या रात्री काय विचार करतो ह्यावर दीड पान आहे, ते काढा, तिथे तुम्ही दुसऱ्याच्या डोक्यात शिरलात. पण दाराच्या अलीकडची खोली तुमची आहे, तिच्यातलं पांघरूण तुमचं आहे, त्याबद्दल कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून म्हटलं ना की सगळे प्रश्न एकाच जागी अडकलेत, वाटा सापडला की हक्काचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो, कारण गोष्ट त्याच्याबद्दलची राहतच नाही.

उरलेला निम्मा सुटत नाही, त्याला सामोरंच जावं लागतं. नाव बदलून काय होणार, ओळखणारे ओळखतातच, नाव अनोळखी लोकांपासून वाचवतं आणि तुम्हाला भीती ओळखीच्यांची आहे. तरी बदला, भावाची नोकरी वगैरे आहे, उगाच कशाला. पण त्याला प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसवून सरप्राइज देऊ नका, मी हे होताना बघितलंय, माणूस मध्यंतरात उठून निघून गेला आणि दोन वर्षं बोलला नाही. आधी घरी, एकट्याला, पूर्ण वाचून दाखवा. त्याला विचारा तुला काय चुकीचं वाटतं, 'चालेल का' असं विचारू नका, कारण 'चालेल का' ला माणूस भिडेपोटी हो म्हणतो. तो एखादा प्रसंग काढ म्हणाला तर काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. 'माउस'मध्येच एक जागा आहे, वडील तरुणपणातल्या एका प्रेमप्रकरणाचं सांगतात आणि म्हणतात हे पुस्तकात घालू नकोस, मुलगा वचन देतो, आणि ते प्रकरणही पुस्तकात आहे आणि ते वचनही. माझं मत विचाराल तर मी ते केलं नसतं. पण वचन मोडलं हे लपवलं असतं तर मात्र पुस्तकावरचा माझा विश्वास गेला असता, त्याने निदान स्वतःचा वाटा कागदावर ठेवला.

बाबांच्या प्रयोगात मी एक प्रसंग गाळला, आईचा. चांगला होता, हशा होता, शेवटी काळजात जाणारा होता, पण ती म्हणाली तो माझ्याकडे राहू दे. राहू दिला. तो प्रसंग नसल्यामुळे प्रयोगाला तिथे एक खड्डा आहे आणि मी दर वेळी त्यावरून उडी मारते, प्रेक्षकांना कळत नाही, मला कळतं.

तुमच्या आईचं वेगळं आहे. तिला नुसतं ऐकवू नका, तिला आधी विचारा. बसून, टीव्ही बंद करून, सहज विचारल्यासारखं विचारा की रात्री तू दार उघडायला उठायचीस तेव्हा मी जागा असायचो हे तुला माहीत होतं का. रेकॉर्डर नको, वही नको. माझा अंदाज आहे की तिला माहीत होतं, आयांना श्वास कळतो, पण माझ्या अंदाजाला काही किंमत नाही. ती हो म्हणाली तर तुमचं एकपात्री एक आहे, नाही म्हणाली तर दुसरं आहे, आणि काही न बोलता उठून गेली तर तिसरं. सध्याचा शेवट, तो भावाने मिठी मारण्याचा, तोपर्यंत बाजूला काढून ठेवा. ती काय म्हणाली ते इथे लिहिलंच पाहिजे असं नाही, तालमीची तारीख मात्र कळवा, जमलं तर मागच्या रांगेत येऊन बसेन.